विसर्जनाची वाळू

सासरे, म्हणजे बाबा, पुण्याहून सिंगापूरला आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटवर राहायला आले आणि टीव्हीसमोर बसले ते बसलेच. शेवटी खालच्या मजल्यावरच्या लिम आंटींनी त्यांना किनाऱ्यावरच्या गटात ओढलं. समुद्र वाळू नेतोय, म्हणून रोवलेले पाइप दर महिन्याला किती उघडे पडतात ते हे लोक मोजायचे आणि झीज दिसेल तिथे झुडपं लावायचे. सुरूच्या झाडाजवळचा पाइप बाबांच्या वाट्याला आला. त्यांना त्याचं एवढं कौतुक, की मला वैताग यायचा. पण माणूस पुन्हा रोज दाढी करायला लागला होता.

त्या वर्षी गणपतीचं विसर्जन शनिवारी झालं. परतताना पाटावर किनाऱ्याची वाळू न्यायची, हा रिवाज आम्ही इथेही सोडलेला नाही. बाबांनी विसर्जनाला आलेल्या सगळ्या मराठी मंडळींना सुरूखाली बोलावलं. "इथली घ्या, स्वच्छ आहे."

रविवारी मोजणी. पाइप एकदम वीतभर उघडा.

"अंकल, एका महिन्यात एवढं? मागच्या वेळी चुकलं असेल लाह," लिम आंटी इथल्या सिंगापुरी लकबीत हळूच म्हणाल्या. "यापुढे हा मी मोजते."

माझं डोकंच फिरलं. बाबांची मोजणी चुकणं शक्य नव्हतं. मी तोंड उघडणार, तोच बाबांनी पाइपाभोवतीच्या खळग्याकडे बोट दाखवलं. कडेला ओंजळींचे ओरखडे अजून होते.

"मोजणी बरोबर आहे. वाळू आम्ही नेली. मीच न्यायला सांगितली."

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

"मग परत आणा," आंटी म्हणाल्या.

बाबा दुपारभर दारोदार फिरले. संध्याकाळी सगळी मंडळी वाट्या-डबे घेऊन हजर. शेजारच्या गार्गीने तर रिवाजाप्रमाणे घराच्या कोपऱ्यांत टाकलेली वाळू झाडून आणली होती, अक्षतांसकट. खळगा भरला, पायांनी दाबला. बाबांनी पुन्हा मोजलं. पाइप मागच्या महिन्यापेक्षा दोन बोटं जास्त उघडाच होता.

"कुणाची राहिली का?" त्यांनी विचारलं. कुणाचीच राहिली नव्हती.

"म्हणजे ही समुद्राने नेली," बाबा म्हणाले.

आंटींनी पेन त्यांच्या हातात दिलं. "तुमचा पाइप आहे, अंकल. तुम्हीच लिहा."

मला आनंद झाला, आणि त्या दोन बोटांचं वाईटही वाटलं. बाबांनी आकडा लिहिला. "पुढच्या वर्षी पाटावर कुंडीतली माती ठेवू," ते मला म्हणाले, आणि डबा उलटा करून तळाला चिकटलेली वाळू पाइपाशी झटकली.