दार उघडंच आहे

माईकच्या बटणावरचा पांढरा रंग अंगठ्यापुरता उडाला होता — आपल्याच अंगठ्यापुरता, असं प्रतिभाला उगाचच वाटलं, आणि ती मान वर न करता शेखर सरांचं बोलणं ऐकत राहिली. रविवारची बैठक, नाशिकमधल्या हॅम रेडिओ क्लबची, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांची खोली, अकरा पुरुष आणि ती. सर क्लबचे अध्यक्ष.

"आपण कुणाला अडवलंय का? दार उघडंच आहे. परीक्षा द्या, परवाना काढा, या. मुद्दाम आदिवासींनाच शोधून आणायचं म्हणजे छंदात राजकारण झालं."

दार उघडं... पण असं काही दार आहे, हे कळायलाच मला एकवीस वर्षं लागली. तेही वसतिगृहाच्या फलकावर कुणीतरी काढायचा विसरलेल्या, या परीक्षेच्या एका इंग्रजी कागदामुळे. तिचा प्रस्ताव साधा होता : सुरगाणा, पेठच्या पाड्यांवर जाऊन वर्ग घ्यायचे, तिथल्या तरुणांना परीक्षेला बसवायचं, दोन जुने रेडिओ संच तिकडे ठेवायचे. बस्स.

गेल्या जुलैत दरड कोसळली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, तेव्हा तीन दिवस ती याच खुर्चीत बसून डोंगरावरच्या आपल्या पाड्याला हाका घालत होती. आवाज जात होता — तो जातो, हे तिला आकड्यांनिशी ठाऊक होतं — पण ऐकायला तिकडे संचच नव्हता. चौथ्या दिवशी आईचा फोन लागला. "सुलाबाई गेली गं. साप चावला. कोणाला फोनच लागंना. झोळीत घालून नेली, तर वाटंतच..." सुलाबाई म्हणजे आत्या. त्या तीन दिवसांबद्दल क्लबला प्रशस्तिपत्र मिळालं. सरांच्या डोक्यामागे ते चौकटीत लटकत होतं.

"ताई, एक दाखवायचं होतं," सचिव ज्ञानेश मध्येच म्हणाला आणि त्यानं नवं माहितीपत्रक पुढे सरकवलं. मुखपृष्ठावर तीच, हसणारी. "म्हणजे लोकांना दिसेल, आपल्याकडे सगळे आहेत."

"सगळे म्हणजे कोण? मी एकटीच का?"

तिनं माहितीपत्रक परत सरकवलं.

"फोटो काढून टाका तो."

"प्रतिभा, मनाला कशाला लावून घेतेस?" सर मायेनं म्हणाले — आणि ती मायाच तिला जास्त झोंबली. "तू आपलीच आहेस. तू काही तशी..."

"तशी म्हणजे कशी, सर?"

मतदान झालं : आठ विरुद्ध चार. प्रस्ताव पुढे ढकलला.

जिना उतरताना ती सरांशी मनातल्या मनात भांडत होती. काय काय म्हणायला हवं होतं — चौकट भिंतीवरून उतरवून समोर ठेवायला हवी होती, विचारायला हवं होतं की हे नेमकं कशाबद्दल... तू तशी नाहीस. हे वाक्य तिनं सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकलं होतं, याच जिन्यात, आणि तेव्हा — तेव्हा तिला बरं वाटलं होतं. त्याच दिवाळीत सुलाबाई आत्याची मुलगी निकिता मागे लागली होती, "मला पण शिकव ना ताई, रेडिओ." आणि ती म्हणाली होती, "अवघड असतं गं ते. तुला नाही जमायचं." किती सहज. किती मायेनं.

खाली रस्त्यावर रिक्षावाला विचारत होता, कुठं जायचंय. राग तसाच होता, तसूभरही उतरला नव्हता. पण इतका वेळ ज्याला समोर धरून ती मनात भांडत होती, तो चेहरा आता तिला सापडेना.