अच्युतरावांची हवेली

अच्युत हर्डीकर मार्चमध्ये संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि मे महिन्यात त्यांनी पाटणच्या पुढे इमलिया गावात तीन एकर जमीन घेतली.

घेतली ती अगदी पारखून, असं त्यांचं म्हणणं. छत्तीस वर्षं तपासणी विभागात काढलेला माणूस. साधा स्क्रूसुद्धा भिंगाखाली धरल्याशिवाय त्यांनी कधी पुढे जाऊ दिला नव्हता. जमिनीला भेगा पडलेल्या होत्या आणि एकेका भेगेत मनगटापर्यंत हात जात होता, म्हणजे माती काळी आणि कसदार. शिवाय चारी बाजूंनी कमरेइतके मातीचे बांध. ते पाहून तर अच्युतराव फारच खूश झाले. शहरात चेरीतालच्या घरी येऊन बायकोला म्हणाले, "कुंपणाचं काम आयतंच झालेलं आहे. जनावर आत शिरायचं नाही."

विनताबाईंनी फोनवरचे फोटो एकेक करून पाहिले. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि त्यातली पहिली चार पाटणच्या शाळेत. रोज दमोह नाक्यावरून बस पकडायची. श्रावणात त्या बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना नुसतं पाणी दिसायचं, मध्ये बांधांच्या रेघा आणि रेघांवर बगळे. ते बांध जनावर बाहेर ठेवायला नव्हतेच, पाणी आत ठेवायला होते. हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"अहो, हे बांध आहेत ना, ते..."

"विनता, पुस्तकातला भूगोल वेगळा आणि जमीन वेगळी," अच्युतराव म्हणाले. "तू त्यात नको पडू."

"बरं," विनताबाई म्हणाल्या आणि वरणाकडे बघायला आत गेल्या.

जूनमध्ये अच्युतरावांनी इमलियातल्या एका ट्रॅक्टरवाल्याला फोन करून सोयाबीन पेरायला सांगितलं. तो म्हणाला, "हो जाएगा, बाबूजी." हो जाएगा म्हणजे झालं, असं धरून ते जुलैत डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला मोकळे झाले. महिनाभर धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काळा चष्मा लावून ते ओसरीत बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सोयाबीनबद्दल सांगत. नागपूरला धाकटा भाऊ अंबरीश होता, त्याला तर दर रविवारी सांगत. जमीन घेऊ नको, असं सांगणारा तोच एकटा होता.

त्या महिन्यात एकदा विनताबाई पेन्शनच्या कामाला म्हणून बाहेर पडल्या त्या थेट इमलियाला गेल्या. शेत काठोकाठ भरलेलं होतं. शेजारच्या बांधावर एक साठीचा माणूस छत्री उघडून बसला होता. हल्के पटेल त्याचं नाव. खालच्या अंगाचं शेत त्याचं. विनताबाईंनी त्याच्याशी तासभर गप्पा मारल्या, पाणी किती चढलं, बांधाला उंदरांची बिळं आहेत का, सगळं विचारलं. निघताना म्हणाल्या, "भैया, ये आएँगे तो अभी कुछ मत बताना."

"काहे दीदी?"

"उनको खुद देखने का शौक है."

हल्केने मान डोलावली. त्याच्या घरीही कुणाचं न ऐकणारी माणसं होती. त्याला फार समजावून सांगावं लागलं नाही.

चष्मा उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी अच्युतराव स्कूटर काढून शेतावर गेले. ज्या बांधाचं त्यांनी कौतुक केलं होतं त्यावर ते उभे राहिले. समोर तळं होतं. काठी बुडवून पाहिली तर गुडघ्याच्या वर ओली झाली. तीन एकरांच्या मधोमध एक बगळा एका पायावर उभा होता आणि तो मालकासारखा दिसत होता. अच्युतरावांना वाटलं, आपण फसलो. कोणीतरी उन्हाळ्यात आपल्याला तळं विकलं. विचारावं कुणाला, तर ज्याला विचारू तो हसणार.

घरी आल्यावर विनताबाईंनी पाणी दिलं आणि सरळ चेहऱ्याने विचारलं, "कसं आहे शेत?"

"छान," अच्युतराव म्हणाले. "हिरवंगार."

"सोयाबीन केवढं झालं?"

"वीतभर."

इथे गोष्ट थांबली असती. पण विनताबाईंना त्यात गोडी लागली. पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, फुलं आली का. अच्युतराव हात धुवायला गेले आणि बराच वेळ बाथरूममध्ये राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या खिशात फोनचा उजेड होता आणि सोयाबीनची फुलं जांभळी असतात हे त्यांना ठाऊक झालं होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात विनताबाई म्हणाल्या, "एक रोप तरी आणा की. कुंडीत लावते, शेजारणींना दाखवता येईल."

अच्युतरावांनी रस्त्याकडेच्या उंचवट्यावरून एक रोप उपटून आणलं. ते उडदाचं होतं. विनताबाईंनी ते कुंडीत लावलं, पाणी घातलं आणि चकार शब्द काढला नाही. रोज सकाळी मात्र चहा घेताना म्हणायच्या, "तुमचं सोयाबीन अंग धरून राहिलं आहे हं." अच्युतराव पेपर वर धरायचे.

खरं सांगायचं तर त्यांना नवरा असा आवडून राहिला होता. निवृत्तीनंतर दोन महिने तो नुसता पंख्याखाली पडून असे. आता सकाळी उठून आरशासमोर काहीतरी पुटपुटत असे, बहुधा शेंगांची लांबी.

मग विनताबाईंनी एक पाऊल पुढे टाकलं. अंबरीशला फोन केला. "गणपतीला या ना भाऊजी. दादांचं शेत बघायला मिळेल."

अंबरीश लगेच कबूल झाला. अंबरीश येतोय, एवढंच ऐकून अच्युतराव जेवता जेवता थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते फावडं स्कूटरला बांधून इमलियाला गेले आणि खालच्या बाजूचा बांध फोडायला लागले. विचार सरळ होता: पाणी काढायचं, चिखल वाळू द्यायचा आणि भावाला सांगायचं की पीक नुकतंच काढलं. हातभर खाच पडली तसं पाणी जोरात सुटलं. घटकाभरात खाच पुरुषभर रुंद झाली. शेताचा वरचा कोपरा, अर्धा एकर तरी असेल, उघडा पडला.

हल्के पटेल छत्री घेऊन आला. पाणी त्याच्याच शेतात शिरत होतं, आणि त्याचं शेत आधीच भरलेलं होतं.

"भाईसाब, क्या कर रहे हो?"

"पानी निकाल रहा हूँ."

"अच्छा," हल्के म्हणाला. "तो मैं अपना बाँध फोड़ूँ, मेरे नीचे वाला अपना फोड़े, उसके नीचे वाला अपना. शाम तक पूरा गाँव हिरन नदी में मिलेगा."

अच्युतराव फावड्यावर रेलले. तोंडातून आपोआप निघालं, "मेरे साथ धोखा हुआ है. मुझे तालाब बेच दिया."

हल्केने छत्री मिटली, धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरला. "पहले ये बंद करो, फिर बताता हूँ."

दोघांनी दुपारपर्यंत भाताच्या पराळाच्या पेंढ्या आणि चिखल दाबून ती खाच बुजवली. काम करता करता हल्केने सांगितलं ते असं: इथली माती चिकण आणि काळी. पावसाळ्यात तिच्यात नांगर घातला तर बैल फसतो, ट्रॅक्टरही फसतो. पेरलेलं सडून जातं. म्हणून बापजाद्यांनी पावसाळ्यात पेरणंच सोडलं. बांध घालायचे, पाणी अडवायचं आणि तीन महिने हात लावायचा नाही. पाण्याखाली तण मरतं, भेगा खोलवर पाणी पितात. आश्विनात पाणी सोडून द्यायचं आणि वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली की, गहू-हरभरा पेरायचा. मग वरून एक थेंबही द्यावा लागत नाही. ह्यालाच इकडे हवेली म्हणतात. वरच्या गावात काहींनी बांध मोडून बोअर मारले. तिथे माघातच बोअर कोरडे पडून राहिलेत.

"इसको हवेली बोलते हैं?" अच्युतरावांनी विचारलं.

"हौ. आपकी तीन एकड़ की हवेली है."

अच्युतराव बांधावर बसले. महिनाभराचं ओझं उतरल्यासारखं त्यांना वाटलं आणि लगेच लाजही वाटली. "आपने पहले क्यों नहीं बताया?"

हातातोंडाला चिखल लागलेल्या माणसाशी खोटं बोलणं हल्केला जमलं नाही. "दीदी आई थीं सावन में. बोलीं, मत बताना."

वीतभर सोयाबीन, जांभळी फुलं, कुंडीतलं रोप असं सगळं अच्युतरावांच्या डोळ्यासमोरून गेलं. मग ते हसायला लागले. हल्केच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भैया, दीदी को मत बताना कि आपने बताया."

"ठीक है," हल्के म्हणाला. आता त्याच्याकडे दोन वचनं झाली होती.

संध्याकाळी अच्युतरावांनी घरी सांगितलं की सोयाबीन छातीएवढं वाढलंय.

"छातीएवढं?" विनताबाईंना ठसका लागला.

"माझ्या छातीएवढं. तुझ्या तर डोक्यावरून जाईल."

रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांनी गच्चीवर जाऊन अंबरीशला फोन केला. "ऐक, विनताला बोलू नको, तिला वाटतं मी नुसतं शेत दाखवणार आहे. मी तुला हवेली दाखवणार. पूर्ण तीन एकरांची आहे."

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी अंबरीश आणि त्याची बायको प्रतिमा आले. प्रतिमाने हवेली बघायची म्हणून मोरपंखी साडी आणि उंच टाचेच्या चपला घातल्या होत्या. विनताबाईंना त्या चपलांचा अर्थ लागेना. गाडीत मनातून त्यांना पुढचा प्रसंग दिसत होता. नवरा बांधावर चढेल, घसा खाकरेल, पूर आला म्हणेल, आणि मग आपण हळूच सगळं सांभाळून घेऊ.

गाडी थांबली. चौघं बांधावर चढले. प्रतिमाची एक चप्पल पहिल्याच पावलाला चिखलात रुतली ती हल्केने काढून दिली.

अंबरीशने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "दादा, हवेली कुठे आहे?"

"तू बघून राहिला ना, हीच," अच्युतराव म्हणाले.

विनताबाईंनी चटकन मान वळवली. हा शब्द त्यांनी घरात कधी उच्चारला नव्हता. पुस्तकातही तो नव्हता. नवऱ्याने त्यांच्याकडे न बघता घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली: चिकण माती, फसणारा बैल, मरणारं तण, पाणी पिणाऱ्या भेगा. अगदी वर्गात उभं राहून सांगावं तसं. मध्येच म्हणाले, "सोयाबीन इथे कोणी पेरत नाही. पेरलं असं सांगणारा माणूस वेडा समजावा."

विनताबाईंनी हल्केकडे पाहिलं. हल्के अतिशय लक्ष देऊन बगळ्याकडे बघत होता.

"भैया," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कब से पता है इनको?"

"दीदी, मैंने दोनों की बात रखी," तो म्हणाला. "अब आप दोनों आपस में देख लो."

अंबरीशला यातलं काहीच पटलं नाही. परतीच्या वाटेवर तो गाडीत म्हणाला, "दादा, वाईट वाटून घेऊ नको, पण तुला डबकं विकलं आहे कोणीतरी." नागपूरला पोचल्यावर त्याने ही बातमी सगळ्या नात्यात पसरवली. आठवडाभर सांत्वनाचे फोन येत होते. अकोल्याच्या मावशीने तर कमळं लावायचा सल्ला दिला. विनताबाई प्रत्येक फोन शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "काय करणार, नशीब." फोन ठेवला की दोघं हसत. कुंडीतल्या रोपाला शेंगा धरल्या तेव्हा त्यांचं वरण केलं.

एकमेकांना काहून खेळवलं याचा जाब मात्र कोणी विचारला नाही. अपवाद एकच. एका दुपारी अच्युतराव म्हणाले, "तू मेमध्येच सांगायला पाहिजे होतं."

"सांगून राहिले होते. तुम्ही ऐकलं नाही."

"हो," ते म्हणाले. "ते बरोबर नाही केलं मी."

विनताबाईंनी त्यांच्यासाठी परत चहा टाकला.

आश्विनात गावाने पाणी सोडलं. आधी सगळ्यात खालचा बांध, मग त्याच्या वरचा, असं करत चार दिवसांनी हल्केचा आणि मग हर्डीकरांचा नंबर आला. नवराबायको दोघंही फावडं घेऊन हजर होते. आठ दिवसांनी हल्केने मूठभर माती दाबून पाहिली, फोडली, आणि आता पेरा म्हणाला. हरभरा पेरला. वर पाणी दिलं नाही आणि आकाशातूनही आलं नाही, तरी डिसेंबरात शेत घोट्याच्या वर गेलं. विनताबाईंनी कोवळे शेंडे खुडून भाजी केली.

वरचा अर्धा एकर मात्र तसाच राहिला. उघडा पडल्यावर तिथे कास हे चिवट गवत उगवलं होतं आणि दिवाळीच्या आधी पांढऱ्या तुऱ्यांनी इतकं छान फुललं होतं की येणारेजाणारे थांबून फोटो काढत. हल्केने फोटो काढला नाही. तो म्हणाला, कासाची मुळं माणसाच्या उंचीएवढी खाली जातात. पाण्याखाली बुडतात तेवढीच मरतात. नाहीतर खणत बसायचं.

"एका सकाळच्या कामाचं हे फळ," अच्युतराव म्हणाले.

"दोघांच्या कामाचं," विनताबाई म्हणाल्या. "भाऊजींना फोन मी केला होता."

अच्युतरावांना हे नवीन होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि तिच्या हातात दुसरी कुदळ दिली.

जानेवारीभर दर रविवारी ते दोघं त्या कोपऱ्यात खणत होते. सदर बाजारातून उन्हाच्या दोन टोप्या आणल्या, डब्यात पोळी-भाजी न्यायची, बांधावर बसून खायची. बाकीच्या अडीच एकरांत हरभऱ्याला घाटे लागले होते. शिवरात्रीपर्यंत कोपऱ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा साफ झाला आणि अच्युतरावांची कंबर धरली. उरलेलं कास आता पुढच्या पावसाळ्यात पाण्याखाली घालायचं ठरलं, आणि त्यासाठी खालचा बांध वीतभर उंच करायचा की दोन वीत, यावर सध्या त्यांच्यात आणि हल्केत वाद चालू आहे.