वितळण्याआधीची ओळ

“बाई, याला आधार काय?” संपादकांनी कार्ड माझ्याकडे परत सरकवलं.

आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत नियम एकच. प्रत्येक अर्थाखाली पुस्तकाचं नाव आणि पान हवं, नाहीतर कार्ड टोपलीत. एकतीस वर्षं मी इतरांनी दिलेले अर्थ सुवाच्य अक्षरात उतरवत आले, नाकासमोर बघून. ‘मेल्ट’च्या कार्डावर मात्र ‘वितळणे, घनाचा द्रव होणे’च्या खाली पहिल्यांदाच स्वतःची एक ओळ घातली होती: ‘वितळण्याआधी मऊ पडणे.’ आधार: माझे वडील.

“चाळीस वर्षं तांब्याच्या भट्टीवर होते,” मी म्हटलं. “काल त्यांना कार्ड वाचून दाखवलं तर हसायला लागले. म्हणाले, ‘घनाचा द्रव म्हणे! असं एकदम होतं होय? आधी तांबं मऊ पडतं, मान टाकतं. सळई लावली की हाताला कळतं. ते ज्याला कळत नाही तो भट्टीवाला कसला?’”

“अहो, पण बोलण्याला पान क्रमांक नसतो.”

“मग त्यांच्या हातावरचे घट्टे मोजा!”

बोलून गेले आणि जीभ चावली. शेजारचे टंकलेखक उगाचच खोकले. पण मला फार लागलं होतं. अप्पांना अक्षरओळख नाही. त्यांना जे कळतं ते कुठंही लिहिलेलं नाही, आणि आता वय एक्याऐंशी. त्यांच्यामागे त्यातली एक ओळ तरी राहावी, एवढंच मला हवं होतं.

संपादक उठले. कपाटातून व्युत्पत्तीचा जाडजूड ग्रंथ काढून उभ्याउभ्याच वाचू लागले. मग हळूच खुर्चीत बसले.

“बाई, इकडे या. हे बघा. ‘मेल्ट’चं सगळ्यात जुनं मूळ. अर्थ काय दिलाय? मऊ होणं. आणि आपला संस्कृत ‘मृदु’ त्याच मुळातला. मृदु झिजत झिजत आपल्याकडे काय झालं?”

“मऊ,” मी म्हटलं. एकतीस वर्षं मी ‘मेल्ट’ आणि ‘मऊ’ या दोन शब्दांना परके समजून वेगवेगळ्या खणांत ठेवत आले होते. ते निघाले एकाच घरचे.

“किती जुनं असेल हे?”

“चार-पाच हजार वर्षं तरी.” संपादकांनी माझं पेन मागून घेतलं आणि आधाराच्या रकान्यात स्वतः लिहिलं: ‘भट्टीकामगाराच्या तोंडून.’ पानाच्या जागी नुसती रेघ ओढली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या अप्पांना सगळं सांगितलं. ते खाटेवर बसले होते.

“छापणार? माझं बोलणं?”

“हो. सरांनी स्वतः लिहिलं.”

त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, “पाच हजार वर्षं म्हणालीस ना? म्हणजे तेव्हाही कुणीतरी विस्तवापुढं बसून हे बघितलं असणार.”

“असणारच, अप्पा.”

“घामानं भिजला असेल गं बिचारा.”

आणि अप्पा खाटेवर जरा सरकून बसले, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.