प्रियंकाचा डावा पाय

मुलुंड पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जानकीताईंचं पाळणाघर आहे. तिथे काम करणाऱ्या अस्मिताला माणसांचे चेहरे ओळखता येत नाहीत. डोळे तिचे ठणठणीत आहेत. नाक, ओठ, हनुवटी सगळं स्वच्छ दिसतं, पण नजर जरा हलली की सगळं पुसून जातं. लहानपणी गोवंडीच्या बाजारात ती परक्याच बाईचा हात धरून दोन गल्ल्या चालत गेली होती. पुढे शाळेत शिष्ट ठरली, नातेवाइकांत माजलेली ठरली. डॉक्टरांनी या प्रकाराला नाव दिलं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. तिला बरं वाटलं, एवढंच. लोकांनी आपली मतं बदलली नाहीत. तेवढी सवड असते कुणाला!

पण चेहरा सोडून माणसात जे काही असतं, ते तिला इतरांच्या दुप्पट दिसायचं. कोण टाच आधी टेकतं, कोण पिशवी कशी उतरवतं, खोकण्याआधी कुणाची मान हलते. बंद दाराआड अकरापैकी कोणतं पोर रडतंय, हे ती भाजी निवडता निवडता सांगायची. जानकीताईंना याचं भारी कौतुक. तरीही संध्याकाळी मुलं सोपवायला त्या स्वतःच दाराशी यायच्या. पालकाच्या कार्डावरचा फोटो बघायचा, समोरचा चेहरा बघायचा आणि मग पोर सोडायचं, हा त्यांचा नियम होता.

त्या गुरुवारी सव्वासहालाच रेवाची आई आली. प्रियंका ऐरोलीला कंपनीत होती, साडेसहाच्या आधी कधी यायची नाही.

"आज लवकर गं?" जानकीताई म्हणाल्या.

"सुटले लवकर." आवाज प्रियंकाचाच होता.

अस्मिताने सवयीने पायांकडे पाहिलं. प्रियंकाचा डावा पाय किंचित घासतो. इतका किंचित, की खुद्द प्रियंकालाही ते ठाऊक नसावं. ही बाई मात्र गेटपासून दारापर्यंत दोन्ही पाय सारखे उचलत, सारखे टेकत आली होती. चपला प्रियंकाच्याच होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता.

"आई!" म्हणत तीन वर्षांची रेवा धावली. अस्मिताने तिला मधेच उचललं.

"अगं, सोड ना तिला," जानकीताई म्हणाल्या.

"जानकीताई, ह्या प्रियंकाताई नाहीत."

"डोकं फिरलंय का तुझं? मी बघतेय ना समोर! तुला चेहरे कळत नाहीत, आणि मला शिकवतेस?"

रेवा हात पसरून रडायला लागली. जन्मभर चुकीची ठरत आलेल्या माणसाला आणखी एकदा चुकलो असं वाटायला कितीसा वेळ लागतो? द्यावी पोर आणि मोकळं व्हावं, असंही अस्मिताच्या मनात आलं. पण रेवाला तिने घट्ट धरलं होतं.

"ताई, जरा गेटपर्यंत जाऊन परत याल?"

कुठलीही आई यावर भडकली असती. ही भडकली नाही. अस्मिताची नजर कुठे आहे ते तिने पाहिलं, मग मान घालून स्वतःच्या डाव्या पायाकडे पाहिलं आणि गेटकडे निघाली. तिसऱ्या पावलाला तिचा डावा पाय घासायला लागला. आधी जरा जास्तच. मग कमी. मग अगदी प्रियंकासारखा.

ती शिकत होती.

तेवढ्यात जानकीताईंचा फोन वाजला. स्क्रीनवर प्रियंकाचं नाव होतं. "ताई, ऐरोली पुलावर अडकलेय, पार वाट लागलीय ट्रॅफिकची. रेवाला अर्धा तास सांभाळा ना, प्लीज."

जानकीताईंनी फोन कानापासून दूर धरून गेटकडे पाहिलं. गेटपाशी ती बाई वळली. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

"मग मी नंतर येते," ती प्रियंकाच्या आवाजात म्हणाली आणि डावा पाय घासत कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

जानकीताईंनी कडी घातली. अर्ध्या तासाने बेल वाजली, पण त्या जागच्या उठेनात. "तू बघ," त्या म्हणाल्या. "मला काय, दोघी सारख्याच दिसणार."

चालीवर आता भरवसा नव्हता. अस्मिताने जाळीतून पाहिलं. बाहेरची बाई भिंतीला तळवा टेकून एका पायाने दुसऱ्या पायातली चप्पल काढत होती. तिने बॅग डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतली, कारण रेवाला ती डाव्या कडेवर घेते. हाक मारायच्या आधी नाकाने छोटासा श्वास ओढला. यातलं काहीही मघाशी अस्मिताच्या नजरेवरून कुणाला चोरता आलं नसतं.

"ह्याच," ती म्हणाली आणि दार उघडलं. रेवा आईच्या गळ्यात पडली. अस्मिताला रडू आलं. आपल्या या विचित्र डोक्याचा तिला पहिल्यांदाच अभिमान वाटत होता.

घडलेलं सगळं ऐकून प्रियंका पांढरीफटक पडली आणि पोरीला छातीशी धरून रिक्षात बसली. बाकीची मुलंही गेली. जानकीताई दिवा न लावता खुर्चीत बसून राहिल्या.

"अस्मिता, आमचे हे गणपतीत कणकवलीला गेले होते ना?" त्या हळूच म्हणाल्या. "परत आल्यापासून मला कधी कधी... म्हणजे चेहरा तोच आहे गं. उद्या घरी चहाला ये. त्यांना नुसतं चालताना बघ."

गेल्या सोमवारी ते जानकीताईंचा डबा घेऊन आले होते. चालीवरून दोन वर्षं ओळखीच्या असलेल्या त्या माणसाला अस्मिताने दारात अडवून "कोण हवंय?" असं विचारलं होतं, आणि जानकीताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. दोघींना ते एकाच वेळी आठवलं.