चावी काढल्यावरही चालणारी फियाट

रविवारी संध्याकाळी निर्मळमध्ये रेजिना टीचरच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पार केळीच्या बागेपर्यंत उभी होती, काही कुंपणावर चढली होती, आणि सगळ्यांचे मोबाइल एका जुन्या राखाडी फियाटकडे वळलेले होते. शेजारच्या नथूने चावी फिरवून इंजिन बंद केलं, चावी उपटली, बाहेर आला आणि ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

इंजिन चालूच राहिलं.

धडधडत, खोकत, अख्खं बॉनेट हलवत चालू राहिलं. आत कोणी नव्हतं. काहींनी हात जोडले, काहींनी कपाळापासून छातीपर्यंत क्रुसाची खूण केली.

"फ्रेडरिकच," मागून कोणीतरी म्हणालं. "त्याचा खोकला असाच होता."

फ्रेडरिक म्हणजे टीचरचा नवरा. निवृत्त झाल्यावर त्याने ही गाडी भंगारातून वाचवली आणि तिच्यापायी उरलेलं आयुष्य तेलकट हातांनी काढलं. दोघांचं शेवटचं भांडण कार्बोरेटरवरून होतं. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारा तो भाग गळत होता. टीचर म्हणत होत्या, जुनाच उघडून दुरुस्त कर. फ्रेडरिकने मुंबईहून दुसराच एक चकचकीत आणून बसवला, आणि पुढच्याच आठवड्यात हृदयविकाराने गेला. त्यानंतर गाडी बाहेर फिरवून आणली, की चावी काढल्यावरही थांबेना.

मी विनया, त्यांच्या कुंपणाला लागून राहते. माझा भुतांवर विश्वास नाही, पण चावी नथूच्या हातात होती हे मलाही दिसत होतं. त्याआधी चर्चचे फादर म्हणाले होते, "त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा अर्पण करतो, पण गाडी मेकॅनिकला दाखवा." मेकॅनिक पोरगेलासा होता. गाडीला लॅपटॉप जोडायला जागा नाही, म्हणून तो परत गेला. मग त्या रविवारी लोकांनी विरारहून सदानंद महाराजांना आणलं.

महाराज पांढऱ्या कुर्त्यात होते, कानात ब्लूटूथ. खोकणाऱ्या गाडीसमोर डोळे मिटून ते म्हणाले, "आत्मा म्हणजे काय? एनर्जी. पेट्रोल म्हणजे काय? एनर्जी. एनर्जी एनर्जीला खेचते. जीव पेट्रोलच्या नळीत अडकलाय."

ते गाडीत बसले, काचा वर केल्या, ओठ हलवले. गाडीला एक जबरदस्त हिसका बसला, ती पुढे झेपावल्यासारखी झाली आणि गप्प झाली.

"गेला!" अंगण ओरडलं.

"आजच्यापुरता गेला," महाराज घाम पुसत म्हणाले. "फार यातना होताहेत त्याला. हे लोखंड घरात आहे तोवर सुटका नाही. पुढच्या रविवारी गाडी मठात हलवू. आरसी बुक तयार ठेवा."

"आत्म्याला आरसी बुक कशाला लागतं?" मी विचारलं.

"कागदालाही जीव असतो, ताई."

टीचरनी आरसी बुकाचं ऐकलंच नव्हतं. त्यांनी ऐकला होता एकच शब्द, यातना. त्या आठवड्यात त्यांचं जेवण तुटलं. येता-जाता बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"विनया, त्याला खरंच त्रास होत असेल का गं?"

"नाही हो, टीचर. असं काही नसतं."

"मग काय असतं ते सांग."

मी बॉनेट उघडून आत डोकावले, पण मला नुसत्या नळ्याच दिसल्या.

एका सकाळी, गाडी देण्याआधी धुवावी म्हणून त्यांनी ती शेडमधून बाहेर घ्यायला सुरू केली, पुढे घेतली आणि चावी काढली. इंजिन तत्काळ बंद पडलं. मग पुन्हा सुरू करून अर्नाळ्यापर्यंत जाऊन आल्या, चावी काढली, आणि इंजिन खोकू लागलं.

मला कुंपणावरून हाक आली. "विनया, फ्रेडरिक सकाळी येत नाही. इंजिन तापल्यावरच येतो."

कितीतरी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई समोर उभी होती आणि तिला उत्तर चुकलेला पेपर सापडला होता.

"आणि महाराज उतरल्यावर नथू गाडी ढकलत होता, ती हलेना. आठवतं? गिअर टॉपमध्ये होता. कोणी टाकला?"

फ्रेडरिकचा जुना कार्बोरेटर बिस्किटांच्या डब्यात सुटा करून ठेवलेला होता. टीचरनी सगळे भाग पेट्रोलमध्ये धुतले आणि बारीक भोकांमधून हवा फुंकली. आतला पितळी पोकळ तरंगता गोळा त्यांनी गरम पाण्यात दाबून धरला. एका जागेतून बुडबुडे निघाले.

"एवढंसं छिद्र!" त्या म्हणाल्या. "गोळ्यात पेट्रोल शिरायचं, तो बुडायचा, आणि वरून पेट्रोल वाहायचं. एवढ्यासाठी ह्याने नवा आणला." त्या हसल्या, आणि हसताहसता त्यांचे डोळे भरून आले.

गोळ्यातलं पेट्रोल काढून आम्ही छिद्र सोल्डरने बुजवलं. सांध्यांतून गळू नये म्हणून जाड कागदाची नवी गॅस्केटं कापली. पण कार्बोरेटर गाडीत बसवला नाही. "रविवारी," टीचर म्हणाल्या.

रविवारी गर्दी दुप्पट होती. महाराज टोइंगची गाडी घेऊनच आले. टीचरनी फियाट फिरवून आणली, चावी काढली. इंजिन खोकू लागलं, महाराजांनी डोळे मिटले.

"राहू द्या," टीचर म्हणाल्या. त्यांनी ब्रेक घट्ट दाबला, टॉप गिअर टाकला आणि क्लच सोडला. चाकं ब्रेकने धरलेली, त्यामुळे इंजिनाला फिरता येईना. तोच हिसका, तीच शांतता.

"नथू, आता तू कर."

गाडी पुन्हा सुरू झाली, चावी निघाली, खोकला सुरू झाला. नथूने तसंच केलं. हिसका बसला. तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आता कोन गेला?"

अंगणात पहिल्यांदा हशा पिकला.

मग टीचर वर्गात बोलावं तसं बोलल्या. "चावी काढली की ठिणगी बंद होते. पण पेट्रोल आणि हवा आत जात राहते. आत साचलेली काजळी निखाऱ्यासारखी तापली असेल, तर ठिणगीचं काम तीच करते. हा नवा कार्बोरेटर लहान इंजिनाचा आहे, जुन्याशी ताडून पाहिला. ह्यातून पेट्रोल कमी जायचं, गाडी बंद पडायची, म्हणून माझ्या नवऱ्याने स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवली. इंजिन नको इतकं तापायला लागलं. चूक त्याची होती. भूत नव्हतं."

"विज्ञान जिथे संपतं..." महाराजांनी सुरुवात केली.

"तिथे जाऊ सावकाश. आधी हे संपू द्या."

आम्ही दोघींनी सर्वांसमोर जुना कार्बोरेटर चढवला आणि रेस उतरवली. तेवढ्यात महाराजांना महत्त्वाचा फोन आला. टोइंगची गाडी रिकामीच गेली. टीचर लांब चक्कर मारून परत आल्या आणि तापल्या गाडीची चावी काढली. इंजिन जागच्या जागी थांबलं. लोक खोकल्याची वाट बघत उभे राहिले. तो आला नाही.

नथूने हळूच विचारलं, "टीचर, पन मग फ्रेडरिकभाय कुठंय?"

"देवाघरी, नथू. त्याला कसलाही त्रास होत नाहीये." एवढं बोलून त्या पायरीवर बसल्या आणि तो गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या. कोणी मोबाइल वर केला नाही.

आपल्या गावात, आपल्या गल्लीतही असा कोणी येईल आणि गेलेल्या माणसाच्या नावाने घरच्यांना भीती घालेल. तेव्हा नुसतं 'भूत नसतं' म्हणून भागत नाही. जे दिसतंय ते कशामुळे होतंय हे बसून शोधावं लागतं. कधी होतं, कधी होत नाही, हे पाहावं लागतं. दुःखात बुडालेल्या माणसाला हे एकट्याने जमेलच असं नाही. शेजाऱ्यांनी बाह्या सरसावून त्याच्याजवळ बसावं.