राईतल्या लाल फिती

बोरखोल गावात माणूस धावतो तो दोनच कारणांनी: एक तर त्याची गुरं दुसऱ्याच्या शेतात शिरलेली असतात, नाहीतर मागे कोणीतरी लागलेलं असतं. गणपत गावकाराचा हा सिद्धान्त जन्मभर टिकला होता. म्हणूनच एका रविवारी सकाळी अर्ध्या चड्डीतला एक तरणाबांड पोरगा पाणंदीतून धावत आला, आणि त्याच्या पुढे गुरं नव्हती, मागे कुत्रंही नव्हतं, तेव्हा गणपतच्या मनात पाल चुकचुकली.

"कोणाचो रे तू?" त्याने काजूच्या बागेच्या दगडी गडग्यावरून हाक मारली.

पोरगा थांबला. घाम पुसून छापील मराठीत म्हणाला, "नमस्कार काका. मी विश्वेश. कुडाळला कॉलेजात शिकवतो. आम्हाला धावण्यासाठी एखादी सुंदर वाट हवी आहे, ती शोधतोय."

आता छापील मराठी बोलणारा माणूस दारात आला की शेवटी सही मागतो, हा गणपतचा दुसरा सिद्धान्त. आणि सुंदर वाट? वाट म्हणजे घरून बागेत जायला असते. तिच्याकडे बघत बसायला ती काय नवरी आहे?

संशयाला कारण नव्हतं असं नाही. व्हाळाच्या पाण्यापलीकडच्या गावात काही वर्षांपूर्वी अशीच हसतमुख माणसं आली होती. त्यांनी झाडांना चिंध्या बांधल्या, शहाळी प्यायली, गाव किती छान म्हणून तोंडभर कौतुक केलं. पुढे त्या गावचा अर्धा डोंगर ट्रकांत भरून गेला. खुद्द बोरखोलच्या सड्यावर, गावावरच्या उघड्या कातळमाळावर, कोणी एकाने जांभ्याचे चिरे काढले आणि खाण तशीच उघडी टाकून तो निघून गेला. ना कुंपण, ना धोक्याची पाटी. सरळ कापलेल्या भिंती आणि तळाशी हिरवं पाणी. सड्याच्या खाली देवाची राई, आणि राईला लागून गणपतची बाग. त्या बागेत त्याच्या बापाने लावलेले काजू होते. राई गेली तर बागेला कोण वाचवणार?

काही दिवसांनी विश्वेशने देवळात बैठक घेतली. थंडीत इथे धावण्याची शर्यत ठेवायची. देवळापासून पाणंदीने राईत शिरायचं, व्हाळावरचा साकव ओलांडायचा, काजूच्या बागांना वळसा घालून परत देवळात. झाडांना लाल फिती बांधल्या की कोणी चुकणार नाही. "राईतलं पानसुद्धा तुटणार नाही," तो म्हणाला, "आणि कोणाचीही जमीन जाणार नाही, निश्चिंत असा."

झालं! जमिनीचं नाव तोवर कोणी काढलंच नव्हतं. गणपतने शेजारी बसलेल्या शिवाला कोपराने ढोसलं. "आयकलंस? चोराच्या मनात चांदणा."

मग विश्वेशने मनगटावरच्या घड्याळात नकाशा दाखवला. नकाशावर एक निळी रेघ होती आणि ती गणपतच्या बागेभोवती फिरून देवळाशी गाठ मारल्यासारखी मिळत होती. गणपतला रात्री जेवण गेलं नाही.

"अवो, लोक धावतत, घामाघूम होतत आणि घराक जातत," त्याची बायको सुगंधा म्हणाली. "तुमचा काय न्हेतत?"

"आज घाम घेवन जातले, उद्या बाग."

सुगंधाने कपाळावर हात मारला. पण ती काहीतरी बोलता बोलता थांबली, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

आणि मग त्याला स्वतःच्या मुलीचा संशय येऊ लागला. तेजस्वी कणकवलीला शिकत होती, सकाळच्या गाडीने जायची. हल्ली ती उजाडायच्या आधीच "देवाक फुलां काढूक जातंय" म्हणून बाहेर पडे आणि परत येई तेव्हा हातात चार जास्वंदी, तोंड लालबुंद. एवढ्या वेळात अख्ख्या गावाची फुलं काढून झाली असती. एक दिवस गोठ्यात गवत काढताना गवतामागे त्याला बूट सापडले. लाल मातीने माखलेले, विश्वेशच्या पायात असत तसेच. दुसऱ्या दिवशी तो गुपचूप तिच्या मागे गेला. पाणंदीला जिथे दोन फाटे फुटतात, एक राईत उतरतो आणि एक सड्यावर चढतो, तिथल्या सातविणीच्या झाडाखाली तेजस्वी आणि विश्वेश उभे होते. ती बोट करून काहीतरी दाखवत होती. बोट सरळ बागेकडे होतं.

म्हणजे घरचाच भेदी! गणपतच्या काळजाला घरं पडली. तिला समोर बसवून विचारलं असतं तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. पण संशयी माणूस विचारत नाही, पाळत ठेवतो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला तो कोयती घेऊन निघाला. सातविणीपासून राईत जाणाऱ्या सगळ्या फिती सोडल्या आणि सड्याकडच्या वाटेवर एकेक करून बांधल्या, अगदी शेवटच्या करवंदीच्या जाळीपर्यंत. हिंडू देत उघड्या सड्यावर. काटे बोचतील, वाट सापडणार नाही, फजिती होईल आणि परत या गावाचं नाव काढणार नाहीत. पुढे खाण आहे हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण ती लांबून दिसते, डोळे असलेला माणूस ऊन वर आल्यावर तिच्यात कशाला पडेल? एवढा विचार करून तो घरी आला आणि पेज पिऊन निवांत झोपला.

सकाळी उठून बघतो तर दाट धुकं. अंगणातली तुळस दिसेना. देवळात पोचला तेव्हा सूर्य उगवला नव्हता आणि मंडळी मात्र तयार. रंगीबेरंगी कपडे घालून कोणी पाय ताणत होतं, कोणी जागच्या जागी उड्या मारत होतं.

"इतक्यात सुटतले?" त्याने शिवाला विचारलं.

"उन्हाच्या आधी परत येवचा आसा मा तेंका."

तेवढ्यात विश्वेश हात जोडून आला. "काका, गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं. गावकार तुम्ही."

यात चुकीचं काही नव्हतं. गावात गाऱ्हाण्याशिवाय कुदळही पडत नाही. गावकाराने नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाप गेल्यापासून हे काम गणपतकडे होतं. गाऱ्हाणी त्याने किती घातली असतील त्याला गणती नाही, पण "व्हय म्हाराजा" मात्र त्याने बाप गेल्यापासून एकदाही म्हटलं नव्हतं. ते बाकीच्यांनी म्हणायचं.

नारळ घेऊन तो वळला आणि थबकला. धावणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत तेजस्वी उभी होती. छातीवर नंबर, पायात ते लाल मातीचे बूट.

"तू हंय काय करतंस गो?"

"धावतंय, बाबानू," ती कशीबशी हसली. "आधी सांगलंय असतंय तर तुमी सोडूक नसतात. आयेक म्हायत आसा. बघा तुमी, सुरवातीपासून शेवटापर्यंत माझ्या पुढे कोण नसतलो."

सगळ्यांच्या पुढे. म्हणजे धुक्यात फितींच्या मागोमाग सगळ्यांत आधी खाणीपाशी पोचणार ती हीच. सांगावं तर सगळ्या गावासमोर तोंड काळं. न सांगावं तर... पुढचं त्याच्याने मनातही धरवेना. गाभाऱ्याकडे तोंड करून त्याने सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, चार सीमेच्या धन्या..."

"व्हय म्हाराजा!"

"आज ही लेकरां तुझ्या राईतसून धावतली, तेंका सांभाळ..."

"व्हय म्हाराजा!"

"कोण वाट चुकलो, तर तेका वाटेक लाव..."

"व्हय म्हाराजा!"

इथे नारळ फोडायचा. त्याने हात वर नेला, पण तो खाली येईना. देवापुढे अर्धं घातलेलं गाऱ्हाणं घालणाऱ्याच्याच घरावर उलटतं, असं त्याचा बाप म्हणायचा. आणि त्याचं घर तर नंबर लावून समोर उभं होतं.

"आणि म्हाराजा, वाटेवरच्यो फिती कोणीतरी सोडून दुसरीकडे बांधल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"तो कोण दुसरो नाय. ह्यो गणपत. ह्या मेल्यान काल फिती सोडल्यान आणि खाणीच्या वाटेक नेवन बांधल्यान..."

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे ओरडले. मग उड्या मारणारेसुद्धा थांबले.

विश्वेश पुढे धावला. "काका! थंय खाण उघडी आसा हो!"

"तुका मालवणी येता?"

"आजोळ देवगडचा माझा."

"मगे इतके दिस पुस्तकासारखो कित्याक बोललंस रे?" गणपत खेकसला, पण आवाजात दम नव्हता. त्याने नारळ फोडला, लुंगी खोचली आणि कोणाकडेही न बघता पाणंदीला लागला. मागून बुटांचा आवाज आला. तेजस्वी होती.

दोघांनी मिळून एकेक फीत सोडली आणि राईकडे परत बांधली. लाजेने गणपतची मान वर होत नव्हती.

"ही वाट तेका कोणी दाखवल्यान?" शेवटी त्याने विचारलं.

"मी. तुमी माका खांद्यार बसवन राईत न्हेय होतात, तीच ही वाट." तिने फितीला गाठ मारली. "बाबानू, ज्या कोण बघना नाय, ताच लोक गुपचूप खातत. दर वर्साक हंयसून माणसां धावली, गावोगाव ही राय म्हायत झाली, तर ती कापूक कोण येतलो?"

"माका कित्याक सांगूक नाय?"

"तुमी इचारलात खंय?"

गणपतने शेवटच्या फितीची गाठ ओढून पाहिली. "जा," तो म्हणाला, "लोक खोळंबलेत. सड्याच्या वाटेर मी रवतंय. हंयसून आज कोण वर जावचो नाय."

ती गेली. सातविणीखाली दोन्ही हात पसरून तो वाट अडवून उभा राहिला. संशय काही एका सकाळीत जात नाही. ज्याच्या ज्याच्या मनगटावर घड्याळ असेल, त्याच्याकडे डोळे वटारून बघायचं त्याने ठरवूनच ठेवलं होतं. देवळाकडून शर्यत सुटल्याचा शंख ऐकू आला. मग धुक्यातून पावलं. जवळ, आणखी जवळ. सगळ्यांच्या पुढे तेजस्वी होती. ती थांबली नाही, धावता धावताच ओरडली, "बाबानू, वाट बरोबर आसा मा?"

गणपतने राईकडे हात केला आणि छाती भरून उत्तर दिलं, "व्हय म्हाराजा!"