नाव पुसलेली नळी

मी मातीतला एक जुना जिवाणू आहे. वय विचारू नका मित्रांनो. आमच्यात सकाळी जन्मलेला दुपारच्या जेवणापर्यंत खापरपणजोबा होतो!

भांड्यांना चांदीचा मुलामा देणाऱ्या कारखान्यामागे, गटाराकाठच्या मातीत माझा जन्म झाला. गटारात चांदीचे विषारी क्षार वाहत. शेजारीपाजारी पटापट मेले. मी मात्र ते विष गिळले, त्याचे चांदीचे कण केले आणि बाहेर टाकले. कण इतके बारीक, की मुंगीच्या डोळ्यात गेले तरी तिने डोळा चोळला नसता.

एकदा संशोधक बाई तिथली चमचाभर माती घेऊन गेल्या. प्रयोगशाळेत त्यांनी मला चंबूत साखरपाणी दिले, वर चांदीचे क्षार पाजले. सकाळी फिकट पिवळे पाणी तपकिरी झाले.

"मावशी, धावत या! जमलं!"

साफसफाईच्या मावशी डोकावल्या. "त्यात काय एवढं? आमच्या चहाचा रंग रोज असाच असतो."

"अहो, चांदी आहे ती! पट्टीला लावली तर जखम चिघळणार नाही. सोन्यासारखा लेक आहे हा माझा."

"मग सोनं करायला सांगा की त्याला!"

मी अभिमानाने इतका फुगलो, की चंबूला तडा जायचा राहिला. बाईंनी मला एका नळीत घालून फ्रिजमध्ये ठेवले. नळीवर शाईने नाव लिहिले आणि म्हणाल्या, "तू आमचं मूळ बियाणं. तुला जिवापाड जपीन."

पुढे चांदी करण्याचे काम माझ्या नातवंडा-पतवंडांवर सोपवायचे ठरले. बाईंनी त्यांना वर्षभर नुसत्या साखरपाण्यावर वाढवले, चांदीचा थेंबही दाखवला नाही. ती ऐतखाऊ झाली, घराण्याचे कसब विसरली. मी इकडे थंडीत कुडकुडत हाकेची वाट पाहत होतो.

काल बाईंनी त्यांना चांदी पाजली. आज चंबू पिवळाच! उद्या दवाखान्याची माणसे पट्ट्या न्यायला येणार. बाईंचा चेहरा उतरला.

"मावशी, मूळ बियाण्याची नळी काढा. लवकर!"

मावशींनी मलाच उचलले. "ही का बघा?"

गेल्याच महिन्यात त्यांनी फ्रिजमधल्या नळ्या स्पिरिटने लख्ख पुसल्या होत्या. माझे नाव त्या फडक्यावर गेले होते.

बाईंनी मला उजेडात धरले. मला वाटले, आई लेकराला ओळखणारच.

"छे, हिच्यावर नाव कुठंय? टाका कुकरमध्ये."

वाफेच्या या मोठ्या कुकरमधून आमच्यातला कुणी जिवंत परतत नाही. मी कुकरमधल्या जाळीच्या टोपलीत बसलो आहे. बाहेर बाई फ्रिज उपसत आहेत, "गेलं कुठं माझं लेकरू?"

मित्रांनो, ज्याच्या जिवावर तुमचे काम चालते, त्याचे नाव पुसले जाणार नाही असे लिहा. पुसलेच, तर फेकण्याआधी त्याला त्याचे काम तरी करून दाखवू द्या. चांदीचा एक थेंब पाजला असता, तर मी रंगानेच ओळख दिली असती.

मावशी झाकण आवळत आहेत.